रूळ उखडणारे डॉक्टर बीचिंग

आपल्या बेटावर बसच्या थांब्याला वडीलधारी माणसे आजही ‘लागार’ म्हणतात. शब्द आगगाडीच्या स्टेशनाचा, पण तिथून सुटते ती बस. पोर्ट लुई ते फ्लाक हा आपला पहिला लोहमार्ग १८६४ साली सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी माहेबुर्गचा मार्ग खुला झाला. ३१ मार्च १९५६ रोजी प्रवाशांच्या गाड्या बंद झाल्या, १९६४ साली मालगाड्याही थांबल्या आणि मग रूळ उखडले गेले. शाळेतील मुले आम्हांला विचारतात की, गाडी बंद केली ते समजले, पण रूळ का काढले? ते जमिनीवर पडून राहिले असते तर कोणाचे काय बिघडले असते?

प्रश्न साधा दिसतो, पण त्याच्या उत्तरात बरेच शिकण्यासारखे आहे. आपल्या बेटावरील निर्णयाशी ज्यांचा संबंध नव्हता, परंतु ज्यांचे नाव इंग्लंडमध्ये रूळ उखडण्याशी कायमचे जोडले गेले, अशा एका गृहस्थांच्या चरित्रातून ते उत्तर चांगले उलगडते. त्यांचे नाव डॉ. रिचर्ड बीचिंग. डॉक्टर म्हणजे औषध देणारे नव्हेत. ते पदार्थविज्ञानाचे डॉक्टर होते.

रिचर्ड बीचिंग यांचा जन्म २१ एप्रिल १९१३ रोजी इंग्लंडच्या केंट परगण्यात, शेपी नावाच्या लहानशा बेटावरील शीरनेस या गावी झाला. म्हणजे तेही आपल्यासारखे बेटावर जन्मलेले. वडील वर्तमानपत्राचे बातमीदार होते, आई शिक्षिका. चार भावांत रिचर्ड दुसरे. पुढे कुटुंब मेडस्टन येथे राहावयास गेले आणि तेथील ग्रामर स्कूलमध्ये त्यांचे शिक्षण झाले. मुलगा हुशार होता. लंडनच्या इंपीरियल कॉलेजात त्यांनी पदार्थविज्ञानात पहिल्या वर्गाची पदवी मिळवली आणि सर जॉर्ज थॉमसन यांच्या हाताखाली संशोधन करून डॉक्टरेट घेतली. १९३८ साली त्यांचा विवाह झाला. त्यांना मूलबाळ नव्हते.

प्रथम त्यांनी इंधन संशोधनाच्या सरकारी केंद्रात आणि नंतर निकेल धातूच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत नोकरी केली. दुसरे महायुद्ध चालू असताना १९४३ साली त्यांना शस्त्रास्त्रांच्या रचनेचे काम पाहणाऱ्या सरकारी खात्यात बोलावण्यात आले. वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ते तेथे उपमुख्य अभियंता झाले. युद्धानंतर, १९४८ साली, ते आय. सी. आय. या प्रचंड रसायन कंपनीत शिरले. तेथे झिपची बटणे, रंग, कृत्रिम चामडे अशा वस्तूंचा उत्पादनखर्च कसा कमी करता येईल, हे त्यांनी पाहिले. कॅनडात टेरिलीनचा कारखाना उभारण्याच्या कामावरही ते होते. १९५७ साली त्यांना कंपनीच्या संचालक मंडळात घेण्यात आले. एखादे काम घ्यावे, त्याचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकड्याला किती पैसा लागतो आणि त्यातून किती मिळतो हे मांडावे, ही त्यांची पद्धत होती. आगगाडी चालवण्याचा अनुभव त्यांना मुळीच नव्हता.

त्या काळी ब्रिटनची रेल्वे आजारी होती. मोटारी आणि ट्रक वाढले होते. १९५५ साली रेल्वेच्या आधुनिकीकरणासाठी १२४ कोटी पौंडांची योजना जाहीर झाली होती, पण तोटा काही थांबेना. १९६० साली तो ६ कोटी ८० लाख पौंड होता आणि १९६२ साली १० कोटी ४० लाखांवर गेला. प्रधानमंत्री मॅकमिलन यांचे वाहतूक मंत्री अर्नेस्ट मार्पल्स यांनी यावर विचार करण्यासाठी १९६० साली उद्योगपतींची एक लहान समिती नेमली आणि तिच्यात बीचिंग यांना घेतले. हे मार्पल्स साहेब स्वतः रस्ते व पूल बांधणाऱ्या एका कंपनीचे संस्थापक होते, हे येथे सांगितले पाहिजे. त्यामुळे लोकांच्या मनात शंका राहिली ती राहिलीच.

मार्च १९६१ मध्ये मार्पल्स यांनी जाहीर केले की, रेल्वेचा कारभार आता डॉ. बीचिंग यांच्याकडे जाईल. पगार वर्षाला २४,००० पौंड! हा पगार प्रधानमंत्र्यांच्या पगाराहून १०,००० पौंडांनी जास्त होता. पार्लमेंटमध्ये आणि वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. वास्तविक आय. सी. आय. मध्ये त्यांना तेवढेच मिळत होते आणि त्याहून जास्त त्यांनी मागितले नव्हते. पण पहिल्याच दिवसापासून ते लोकांच्या डोळ्यांवर आले.

कामावर रुजू होताच त्यांनी मोजणी मांडली. एप्रिल १९६१ मधील एका आठवड्याची संपूर्ण देशातील वाहतूक नोंदवून घेण्यात आली होती. कोणत्या स्टेशनावर किती तिकिटे खपली, कोणत्या मार्गावर किती माल गेला, हे सर्व नकाशांवर उतरवले गेले. एवढ्या मोठ्या रेल्वेचा असा बारीक हिशेब तोवर कोणी मांडला नव्हता. जे दिसले ते धक्का देणारे होते. एकूण मार्गांपैकी एकतृतीयांश मार्गांवर प्रवाशांची जेमतेम १ टक्का वाहतूक होत होती. अर्ध्या स्टेशनांमधून मिळून उत्पन्नाचा सुमारे २ टक्के वाटा येत होता. प्रवाशांचे सुमारे १८,००० डबे होते, त्यांपैकी ६,००० डबे वर्षातून १८ वेळांहून जास्त बाहेर पडत नव्हते. सुट्टीच्या गर्दीसाठी ते ठेवलेले होते आणि बाकीचे वर्षभर ते बाजूच्या रुळांवर उभे असत.

२७ मार्च १९६३ रोजी त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुमारे १८,००० मैलांच्या जाळ्यातून ५,००० मैल मार्ग आणि २,३६३ स्टेशने बंद करावीत, अशी त्यात शिफारस होती. लोकांनी त्याला कुऱ्हाडीचे नाव दिले. ते नाव आजही इंग्रजी भाषेत रुळले आहे.

आता मुलांच्या प्रश्नाकडे वळू. गाडी बंद केल्यावर रूळ का काढावेत?

पहिले कारण असे की, लोहमार्ग म्हणजे जमिनीवर ठेवलेले दोन लोखंडी दांडे नव्हेत. गाडी धावो वा न धावो, तो खर्च मागतच असतो. लाकडी स्लीपर पावसाने कुजतात. खडीत माती भरली की पाणी तुंबते आणि मार्ग खचतो. गवत व झुडपे माजतात. दोन्ही बाजूंचे कुंपण राखावे लागते, नाहीतर गुरे आत येतात. पूल आणि बोगदे तपासावे लागतात. जेथे रस्ता रुळांना ओलांडतो तेथे फाटक आणि फाटकवाला लागतो. सिग्नलच्या केबिनमध्ये दिवसरात्र माणूस बसवावा लागतो. दिवसाला दोनच गाड्या गेल्या तरी यातले बरेचसे चुकत नाही.

दुसरे कारण सांध्यांचे. मुख्य मार्गातून शाखा जेथे फुटते तेथे रुळांचा सांधा असतो. त्याच्या जिभा सरकतात आणि गाडी इकडे किंवा तिकडे वळते. त्या जिभा नीट बसल्या आहेत की नाहीत हे सिग्नलला कळावे लागते. त्यांना तेल घालावे लागते, हिवाळ्यात त्यांतील बर्फ काढावा लागतो आणि झिजल्या की बदलाव्या लागतात. मुख्य मार्गावरील प्रत्येक सांधा म्हणजे बिघाडाची आणि अपघाताची एक जागा. शाखा बंद झाली आणि सांधा तसाच राहिला, तर एखादे दिवशी भरधाव गाडी कुजलेल्या मार्गावर वळण्याचा धोका उरतो. म्हणून प्रथम सांध्याला लोखंडी चाप घालून कुलूप ठोकतात. पुढे सोय झाली की सांधा काढून तेथे सरळ रूळ टाकतात. मार्ग निकामी करणे ते हेच. उखडणे ही त्यानंतरची पायरी.

तिसरे कारण लोखंडाचे. वर्गात करून पाहण्यासारखे हे गणित आहे. त्या काळच्या ब्रिटिश रुळाचे वजन एका यार्डाला ९५ पौंड असे. मैलात १,७६० यार्ड आणि रूळ दोन. म्हणजे एकेरी मार्गाच्या एका मैलात सुमारे १४९ टन पोलाद झाले. चांगले रूळ दुसरीकडे कमी वर्दळीच्या मार्गावर वापरता येतात, बाकीचे भंगारात विकता येतात. बेवारस पडून राहिले तर गंजतात किंवा चोरीस जातात. तोट्यातील संस्थेला हा पैसा सोडवत नाही. शिवाय रूळ निघाले की रस्त्यावरचे ठेंगणे पूल पाडता येतात, उंच ट्रक जाऊ शकतात आणि जमीन विकता येते.

चौथे कारण कोणी कागदावर लिहीत नाही, पण बंद मार्गांच्या गावी लोक ते बोलत. जोपर्यंत रूळ जागेवर आहेत तोपर्यंत गाडी पुन्हा सुरू करा म्हणणारे अर्ज येत राहतात. रूळ गेले की अर्ज थांबतात.

बंद करण्याचीही एक कायदेशीर रीत होती. रेल्वेने आधी नोटीस लावायची, प्रवाशांनी हरकती नोंदवायच्या, सल्लागार समितीने ऐकून घ्यायचे आणि शेवटी मंत्र्याने ठरवायचे. परंतु समितीपुढे प्रवाशांना होणाऱ्या त्रासाविषयीच बोलता येत असे. रेल्वेने मांडलेले आकडे बरोबर आहेत की नाहीत, हे विचारण्याची सोय नव्हती. आम्हां शिक्षकांना हे विशेष खटकते. विद्यार्थ्याला उत्तर ऐकायला लावायचे आणि उदाहरण कसे सोडवले ते दाखवायचे नाही, असा हा प्रकार झाला.

कारण आकड्यांत उणिवा होत्या. मोजणी एप्रिल महिन्यातील एका आठवड्याची होती. समुद्रकाठच्या गावांना उन्हाळ्यात जी गर्दी होते ती तिच्यात दिसणे शक्य नव्हते. तिकिटाचा पैसा जेथे तिकीट काढले त्या स्टेशनाच्या नावावर जाई. त्यामुळे लोक जेथे जाऊन उतरत त्या लहान स्टेशनाच्या वाट्याला काहीच येत नसे. शाखा मार्ग हे नदीला मिळणाऱ्या ओढ्यांसारखे असतात. ओढा बुजवला तर त्याचे पाणी नदीला मिळत नाही. शाखा बंद झाल्यावर लोक मोटारीने मुख्य स्टेशनापर्यंत येतील असे गृहीत धरले होते, पण मोटारीत बसलेला माणूस थेट मुक्कामालाच जाऊ लागला. रेल्वेच्या बदली ज्या बसगाड्या सुरू केल्या, त्यांतील अनेक थोड्याच वर्षांत बंद झाल्या.

तरीही सर्व दोष बीचिंग यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. त्यांच्या येण्याआधीच हजारो मैल मार्ग बंद झाले होते. त्यांच्या यादीतील काही मार्ग खरोखरच कोणाच्या उपयोगाचे राहिले नव्हते. एकाच गावाला जाणारे दोन मार्ग, जुन्या कंपन्यांच्या स्पर्धेतून बांधलेले, असा प्रकार जागोजागी होता. बंद करण्याचा अधिकारही त्यांचा नव्हता, तो मंत्र्यांचा होता. १९६४ साली मजूर पक्ष निवडून आला. त्याने निवडणुकीत मोठ्या मार्गबंदीला विरोध केला होता, पण सत्तेवर आल्यावर कुऱ्हाड चालूच ठेवली. त्या एका वर्षात हजाराहून अधिक मैल मार्ग बंद झाले.

त्यांनी उभे केलेले कामही विसरता येत नाही. मोठ्या पेट्यांत माल भरून ती पेटी ट्रकवरून गाडीवर आणि गाडीवरून ट्रकवर हलवायची, ही मालगाड्यांची पद्धत त्यांनी ब्रिटनमध्ये पुढे आणली आणि १९६५ साली तशा गाड्या धावू लागल्या. खाणीतून वीजकेंद्रात कोळसा पोहोचवणाऱ्या, न थांबता फिरत राहणाऱ्या गाड्यांचीही योजना त्यांच्याच काळातील. मोठ्या शहरांमधील जलद गाड्यांवर पैसा खर्च करावा, असे त्यांचे म्हणणे होते. फेब्रुवारी १९६५ मध्ये त्यांनी दुसरा अहवाल दिला. त्यात ७,५०० मैलांच्या मुख्य मार्गांपैकी ३,००० मैल विकासासाठी निवडावेत असे सुचवले होते. सरकारला ते मानवले नाही. त्याच वर्षी बीचिंग आय. सी. आय. मध्ये परतले आणि त्यांना लॉर्ड ही पदवी मिळाली.

पुढे त्यांनी फौजदारी न्यायालयांच्या सुधारणेसाठी नेमलेल्या शाही आयोगाचे अध्यक्षपद भूषवले. त्यांच्या शिफारशींवरून १९७१ साली कायदा झाला आणि शतकानुशतके चालत आलेली फिरती न्यायालये जाऊन क्राउन कोर्टे आली. हे काम कोणाला आठवत नाही. लोकांना आठवतात ते रूळ.

कुऱ्हाड हळूहळू थांबली. १९६८ साली वाहतूक मंत्री बार्बरा कॅसल यांनी कायदा करून, तोट्याचे पण लोकांना गरजेचे असलेले मार्ग सरकारी पैशाने चालवता येतील असे ठरवले. १९७५ च्या सुमारास जाळे सुमारे १२,००० मैलांवर स्थिरावले. तोटा मात्र नाहीसा झाला नाही. मार्ग बंद करून वाचलेला पैसा वर्षाला सुमारे ३ कोटी पौंड आणि तोटा त्यानंतरही १० कोटींच्या वर, असा हिशेब पुढे मांडला गेला.

रूळ काढण्याची किंमत किती, हे दोन मार्गांची तुलना केली की कळते. स्कॉटलंडमधील एडिनबरा ते कार्लाइल हा मार्ग जानेवारी १९६९ मध्ये बंद झाला. शेवटच्या रात्री न्यूकॅसलटन गावच्या लोकांनी फाटक लावून गाडी अडवली आणि गावच्या धर्मगुरूंना पोलिसांनी धरून नेले. त्यानंतर रूळ उखडले गेले, पूल पाडले गेले, काही ठिकाणी मार्गाच्या जागेत बांधकामे उभी राहिली. पुढे तेथील लोकांनी अनेक वर्षे खटपट केली आणि सप्टेंबर २०१५ मध्ये एडिनबरा ते ट्वीडबँक एवढाच भाग पुन्हा सुरू झाला. सुमारे ३० मैल नवा मार्ग घालावा लागला आणि खर्च २९ कोटी ४० लाख पौंड आला. पहिल्या वर्षातच त्यावर दहा लाखांहून अधिक प्रवास झाले. ट्वीडबँकपासून कार्लाइलपर्यंत त्या वेळी रूळ परतले नाहीत.

दुसरा मार्ग इंग्लंडच्या डेव्हन परगण्यातील ओकहॅम्प्टनचा. तेथील प्रवाशांची नित्याची सेवा १९७२ साली बंद झाली, परंतु पलीकडे खडीची खाण असल्यामुळे मालगाड्यांसाठी रूळ राहिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये तेथे पुन्हा रोजच्या गाड्या धावू लागल्या. जुने झालेले ११ मैल रूळ बदलले, २४,००० सिमेंटचे स्लीपर घातले, तरी खर्च सुमारे ४ कोटी पौंडच आला, आणि काम वर्षाच्या आत उरकले. जमीन, पूल आणि वाट हातातून गेली नव्हती, म्हणून हे जमले.

यात नुसती रेल्वेची गोष्ट नाही. लोखंड पुन्हा विकत मिळते. सलग वाट मिळत नाही, कारण एकदा ती तुकड्यांनी विकली की प्रत्येक तुकड्याचा मालक वेगळा होतो. आपल्या बेटावर मेट्रो एक्सप्रेस २०१९ च्या अखेरीस धावू लागली आणि २०२२ साली क्युरपीपपर्यंत पोहोचली. तिच्या रस्त्याचा काही भाग जुन्या आगगाडीच्या वाटेवरूनच जातो. जेथे ती वाट मोकळी राहिली होती तेथे तिचा उपयोग झाला. जेथे नव्हती तेथे लोकांच्या घरांचा आणि अंगणांचा प्रश्न उभा राहिला. म्हणून गावातील एखादी सेवा बंद करण्याचा विचार निघाला, मग ती बस असो, टपाल असो वा शाळेतील मराठीचा वर्ग असो, तर दोन प्रश्न वेगवेगळे विचारावेत असे आम्हांला वाटते. आज ती चालवावी का, हा एक. आणि उद्या ती पुन्हा सुरू करण्याची वाट आपण राखणार की नाही, हा दुसरा. बीचिंग यांच्या अहवालात पहिल्या प्रश्नाचे उत्तर पानोपानी आहे. दुसऱ्याला त्यात जागा मिळाली नाही.

लॉर्ड बीचिंग २३ मार्च १९८५ रोजी ससेक्समधील ईस्ट ग्रिन्स्टेड या आपल्या राहत्या गावी वारले. त्या गावातून पूर्वपश्चिम जाणारा लोहमार्ग १९६७ साली बंद झाला होता. त्याच्या खोदलेल्या वाटेतून पुढे मोटारींचा रस्ता काढला आणि त्याला ‘बीचिंग वे’ असे नाव दिले. गावाच्या दक्षिणेचा मार्ग तर त्यांच्याही आधी बंद पडला होता. त्याच्या खोल खिंडीत गावचा कचरा भरून टाकला होता. ब्लूबेल नावाची हौशी रेल्वे चालवणाऱ्या मंडळींनी अनेक वर्षे देणग्या जमवल्या, तो कचरा गाड्या भरभरून बाहेर काढला आणि रूळ टाकले. २३ मार्च २०१३ रोजी, बीचिंग यांच्या मृत्यूला बरोबर अठ्ठावीस वर्षे झाली त्या दिवशी, वाफेची गाडी पुन्हा ईस्ट ग्रिन्स्टेडच्या फलाटाला लागली.